कागदाची वाट

जिल्हा कचेरीत दिलेला साधा अर्जसुद्धा मोठा प्रवास करतो. आवक शाखेत, म्हणजे महसुली बोलीत बारनिशीत, त्यावर शिक्का आणि क्रमांक पडतो. मग तो दिवसभराच्या डाकेबरोबर साहेबांपुढे जातो. साहेब कोपऱ्यात शेरा मारून संकलनाचे, म्हणजे तो विषय पाहणाऱ्या टेबलाचे, नाव लिहितात आणि अर्ज खाली येतो. संकलनाचा कारकून तो कार्यविवरण नोंदवहीत उतरवतो आणि बहुतेक वेळा पहिली गोष्ट करतो ती तहसीलदाराकडून अहवाल मागवण्याची. कागद जावक होतो, तहसिलीत पुन्हा आवक होतो, तिथून मंडळ अधिकारी, मंडळ अधिकाऱ्याकडून तलाठी, आणि जबाब-पंचनामा जोडून त्याच पायऱ्यांनी परत वर. मग टिपणी, अव्वल कारकुनाची सही, नायब तहसीलदाराची, उपजिल्हाधिकाऱ्याची, शेवटी जिल्हाधिकाऱ्याची. त्यानंतर मसुदा, स्वच्छ प्रत, पुन्हा सही, जावक क्रमांक, टपाल.

या साऱ्यात कागदावर प्रत्यक्ष काम होते ते थोडा वेळ. बाकीचा काळ तो कुठल्या तरी टेबलावर, कपाटात किंवा शिपायाच्या हातातल्या गठ्ठ्यात थांबलेला असतो. विलंबाचे मूळ शोधायचे तर हे थांबे मोजावे लागतात, आणि ते कुठल्याही नोंदवहीत सलग लिहिलेले नसतात. त्यासाठी एक कागद निवडून, तो जिथे जिथे जातो तिथे तिथे त्याच्याबरोबर जावे लागते, प्रत्येक टेबलावरच्या माणसाला तो नेमके काय करतो हे विचारावे लागते आणि दोन टेबलांमध्ये किती दिवस गेले ते टिपावे लागते. व्यवस्थापनशास्त्रात आज या पद्धतीला स्वतंत्र नाव आहे आणि जगभरच्या नगरपालिका ती वापरतात. मराठी मुलखातल्या कचेऱ्यांनाही कागदाच्या वाटेची चिंता जुनीच आहे.

पेशवाईच्या पुण्यात हुजूर दप्तर हे राज्याच्या कारभाराचे मध्यवर्ती कार्यालय होते. त्याचे दोन मुख्य भाग होते, चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर. चालत्या दप्तरात फड, बेहडा, सरंजाम अशी खाती होती. हुकूम, सनदा आणि रोजचा जमाखर्च तिथे चाले. एकबेरीज दप्तराकडे सगळीकडचे हिशेब येऊन पडत आणि त्यांचे वर्गवार गोषवारे, म्हणजे तर्जुमे, तयार होत. या दप्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. नाना फडणिसांच्या काळात या व्यवस्थेला जी शिस्त होती तिचे मर्म असे की एकच रक्कम अनेक कागदांत उतरे, रोजकीर्दीत, खतावणीत, ताळेबंदात, आणि एका कागदाची खोट दुसऱ्यावरून पकडता येई. मागचा हिशेब काढायचा म्हटले की नेमका रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, हाती येई. नानांच्या पश्चात, दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, हे दप्तर हेळसांडीत पडले. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती ते आले तेव्हा त्याचा बराच भाग विस्कटलेला होता. आज जे उरले आहे ते पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. दप्तर नीट लावलेले असणे हा कारभाराचा पाया आहे आणि एका पिढीच्या दुर्लक्षाने तो खचतो, हे या उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठून दिसेल. आपल्याकडे मुलांच्या शाळेच्या पिशवीलाही दप्तरच म्हणतात. जवळ सांभाळायचे कागद एका फडक्यात बांधण्याची ती जुनी सवय त्या शब्दात टिकून आहे.

कंपनी सरकारच्या पहिल्या दशकांत कागद आणि जमीन यांच्यातले अंतर किती महागात पडते याचा एक धडा दख्खनमध्ये मिळाला. रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात पुणे भागात जमिनीची पाहणी करून सारा ठरवला. निव्वळ उत्पन्नाचा विशिष्ट हिस्सा सरकारचा, हे त्यामागचे सूत्र. सूत्र तर्कशुद्ध होते, पण उत्पन्नाचे आकडे मापणाऱ्या हाताखालच्या लोकांवर सोडलेले होते आणि ते चुकीचे निघाले. सारा जड झाला, वसुली थकली, इंदापूरसारख्या तालुक्यांत कुळे जमिनी टाकून गेली. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरातूनच नव्याने सुरुवात केली. त्यांनी उत्पन्नाचे सैद्धांतिक गणित बाजूला ठेवले आणि शेतांवर जाऊन जमिनीची प्रत लावली. गावाची मागची वसुली काय होती, बाजार किती दूर आहे, पाऊस कसा पडतो, हे पाहून दर बसवले आणि ते तीस वर्षांसाठी कायम केले. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की झाली आणि मुंबई इलाख्याची रयतवारी तिच्यावर उभी राहिली. हा सुधार शेतातला होता, कचेरीतला नव्हता. तरी काम जिथे घडते तिथे जाऊन पाहिल्याशिवाय नियम करू नये हा विचार इथल्या महसूल खात्यात त्यातून रुजला.

कलेक्टरची आणि प्रांताची फिरती ही त्याचीच पुढची पायरी. थंडीचे महिने तंबूत काढायचे, गावोगाव जमाबंदी करायची, तलाठ्याचे किंवा कुलकर्ण्याचे दप्तर चावडीवर उघडून पाहायचे, झाडाखाली बसून अर्ज ऐकायचे असा रिवाज पडला. या दप्तराला साचा हवा म्हणून गावपातळीवरच्या हिशेबांचे नमुने ठरत गेले. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत आली. एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याने गाव, तालुका आणि जिल्हा यांच्या महसुली हिशेबांची जी नियमपुस्तिका तयार केली, तिच्यातले गाव नमुने शतकभर टिकले. सातबारा हा शब्द त्यातल्या नमुना सात आणि नमुना बारा यांच्या जोडणीतून आला. घरात कधी कुणी कचेरीचे तोंड पाहिलेले नसले तरी तो मराठी माणसाला पाठ असतो.

या तपासणीला एक मर्यादा होती. साहेब फिरतीवर गावाचे दप्तर बघत असत, कचेरीचे दप्तर वर्षाकाठी तपासले जाई, आणि दोन्ही वेळा पाहिली जाई ती नोंदवही. रकाने भरले आहेत का, बेरजा जुळतात का, थकीत प्रकरणांचा गोषवारा दिला आहे का, इतके तपासून शेरा लिहिला जाई. अर्जदाराचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसा गेला, कशासाठी परत आला, कोणत्या सहीची खरोखर गरज होती, हे तपासणाऱ्याला दिसतच नसे, कारण प्रत्येक टेबलाची वही आपल्यापुरती बरोबर असे. वरच्या पातळीवरही हीच व्यथा होती. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन १८९९ मध्ये आला तेव्हा सचिवालयातल्या लांबलचक टिपण्यांनी आणि फाइलींच्या अखंड फेऱ्यांनी तो त्रस्त झाला. टिपण्या आखूड कराव्यात, दोन खात्यांनी समोरासमोर बोलून प्रश्न मिटवावा, असा आग्रह त्याने धरला.

कामाच्या वाटेवर चालत जाण्याचे शास्त्र दरम्यान कारखान्यात घडत होते. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने कामाचे वेळमापन सुरू केले होते. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने हालचालींचा अभ्यास केला. १९२१ मध्ये फ्रँकने अमेरिकेतल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रियेचे तक्ते मांडले. वस्तूवर काम होते ती जागा, ती हलते ती वाट, ती तपासली जाते ती पायरी आणि ती नुसती पडून राहते तो काळ यांना त्यात वेगवेगळी चिन्हे होती. पडून राहण्यालाही चिन्ह देण्यात त्याचे मोठेपण आहे, कारण त्यामुळे विलंब कागदावर दिसू लागला. पुढे जपानात टोयोटाच्या कारखान्यात तैइची ओनो यांनी अधिकाऱ्याने प्रत्यक्ष कामाच्या जागी उभे राहून पाहण्याची शिस्त लावली. स्वतंत्र भारतात अमेरिकी प्रशासनतज्ज्ञ पॉल ॲपलबी यांच्या १९५३ च्या अहवालानंतर १९५४ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवालयात संघटन व कार्यपद्धती विभाग निघाला आणि त्याच वर्षी भारतीय लोकप्रशासन संस्थाही स्थापन झाली. दिल्लीतले हे विचार जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत परिपत्रकांच्या रूपाने येत आणि परिपत्रकांच्या गठ्ठ्यात जमा होत.

जिल्हा कचेरीवरचा भार याच काळात कित्येक पटींनी वाढला. १९४८ चा कूळकायदा आला आणि त्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवसापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले, आणि प्रत्येक मालकीमागे चौकशी, किंमत ठरवणे, प्रमाणपत्र असे एक प्रकरण उभे राहिले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने तशीच नवी प्रकरणे आणली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि विकासाची कामे तिकडे गेली, पण महसूल, पुरवठा, निवडणुका, पुनर्वसन हे कलेक्टरकडेच राहिले. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. १९८० च्या सुमारास निराधारांच्या अनुदानाची योजना आली. माणसे थोडी वाढली, कागद फार वाढले, आणि बसण्याची जागा, कपाटे, नोंदवह्या मात्र जुन्याच राहिल्या.

या भाराचा चटका ज्या जिल्ह्याला जास्त बसावा तो अहमदनगर, आजचा अहिल्यानगर. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आहे, सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतले अकोले आणि पूर्वेला मराठवाड्याला टेकलेले जामखेड. अकोल्याच्या माणसाला नगरला कामासाठी यायचे तर शंभराहून अधिक किलोमीटरची एसटी करावी लागे. ‘साहेब फिरतीवर आहेत, पुढच्या सोमवारी या’ हे उत्तर त्याला एका दिवसाच्या मजुरीला आणि दोन्ही बाजूंच्या तिकिटाला पडे. मराठीत अशा खेपांना हेलपाटे म्हणतात. त्या शब्दातला थकवा कुठल्याही विलंबाच्या तक्त्यात येत नाही.

१९८० च्या दशकाच्या आरंभी या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जे केले ते ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ओळखले जाते. त्यांनी सुरुवात केली ती कचेरीच्या जागेपासून आणि कागदांपासून. वर्षानुवर्षे साठलेले कागद कपाटांतून आणि कपाटांच्या माथ्यांवरून खाली उतरवले गेले, निवडले गेले, लावले गेले. बसण्याची व्यवस्था कामाच्या ओघाप्रमाणे बदलली. ज्या दोन कारकुनांमध्ये कागद सतत जा-ये करतो ते जवळ आले. पर्यवेक्षक आपल्या माणसांना पाहू शकेल आणि आलेल्या लोकांना कुणाकडे जायचे ते कळेल अशी मांडणी झाली. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कामांची यादी तयार झाली, त्याने कोणते काम कोणत्या नियमाखाली आणि किती दिवसांत करायचे हे लिहिले गेले. एका विषयावरचे सगळे स्थायी आदेश एका संचिकेत आले. त्याआधी नवा माणूस टेबलावर बसला की तो विषय शेजाऱ्याला विचारून शिकत असे, आणि शेजाऱ्याची चूकही त्याच्याकडे वारशाने येई.

या सुधारणेतला सर्वांत टिकलेला भाग म्हणजे सहा गठ्ठे पद्धत. प्रत्येक कारकुनाने आपल्याकडचा एकूण एक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात ठेवायचा. पहिला गठ्ठा बैठकीवरच्या, म्हणजे आत्ता ज्यांवर त्यानेच काम करायचे आहे अशा प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, ज्यांत दुसऱ्या कुणाच्या अहवालाची किंवा उत्तराची वाट आहे. तिसरा नियतकालिकांचा, ठरलेल्या तारखेला पाठवायच्या विवरणपत्रांचा. चौथा स्थायी आदेशांचा. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या, काम संपलेल्या प्रकरणांचा. सहावा नष्ट करायच्या कागदांचा.

वरवर पाहता ही साधी आवराआवर वाटते. पण पहिला आणि दुसरा गठ्ठा वेगळे करण्यात सगळी खुबी आहे. एकाच ढिगात पडलेली प्रकरणे पाहून कुणालाही सांगता येत नाही की काम थांबले आहे ते या टेबलामुळे की दुसऱ्याच्या. गठ्ठे वेगळे झाले की पहिल्या गठ्ठ्याची उंची या माणसाच्या कामाचा हिशेब देते आणि दुसऱ्या गठ्ठ्याची उंची बाहेरच्या कचेऱ्यांचा. गिलब्रेथच्या तक्त्यात पडून राहण्याला चिन्ह होते, नगरच्या कचेरीत त्याला गठ्ठा मिळाला. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदाला स्मरणपत्राची तारीख लागते, नाहीतर प्रतीक्षा हे निष्काळजीपणाचे सभ्य नाव बनते. पाचवा आणि सहावा गठ्ठा टेबलावरून हलला की जागा मोकळी होते आणि चालू कागद सापडतो. कचेरीत हरवलेली म्हणून सांगितली जाणारी प्रकरणे पुष्कळदा मेलेल्या कागदांखाली जिवंत पडलेली असतात.

पाचव्या गठ्ठ्याला अभिलेख वर्गीकरणाची जोड असते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, ‘क’ वर्गाचे दहा, ‘क-१’ चे पाच आणि ‘ड’ चे एक वर्ष. वर्ग लावणे हे कंटाळवाणे काम आहे आणि ते लांबवण्याकडे प्रत्येकाचा कल असतो. तरी चुकून ‘ड’ मध्ये गेलेला एक वाटणीचा कागद तीन पिढ्यांच्या भांडणाला कारण होऊ शकतो, म्हणून ते अनुभवी माणसाकडेच हवे. हुजूर दप्तरात रुमाल बांधणाऱ्या कारकुनांना हे उपजत ठाऊक होते.

शासनाने नगरची पद्धत राज्यभर लागू केली. पुढच्या वर्षांत तिचे काय झाले ते महसूल खात्यातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. काही कचेऱ्यांत ती मुरली. पुष्कळ ठिकाणी तपासणीच्या आदल्या आठवड्यात सहा रंगांची फडकी आणून गठ्ठे बांधले गेले आणि तपासणी संपल्यावर ते एकमेकांत मिसळले. गठ्ठे हे साधन आहे, ते रोज संध्याकाळी पाहणारा अधिकारी नसेल तर फडक्यांना अर्थ उरत नाही. दुसरे कारण बदल्यांचे. ज्याने कागदाची वाट पाहून ठेवली तो अधिकारी दोन-तीन वर्षांत जातो, आणि त्याच्यामागे येणाऱ्याला पद्धत मिळते, पाहणी मिळत नाही.

याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी आणि दप्तर दिरंगाईविरुद्ध आंदोलने केली. बदल्या आणि विलंब या दोन्हींना आवर घालणारा राज्याचा कायदा २००५ साली झाला आणि १ जुलै २००६ पासून अमलात आला. त्यात एक उल्लेखनीय तरतूद आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. निर्णयासाठी फाइलीने चढायच्या पायऱ्याही शक्यतो तीनच असाव्यात. टेबलावरचा थांबा आणि टेबलांची संख्या, दोन्ही कायद्याने मोजायला घेतले ते इथे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाच्या बाजूने मुदत बांधली आणि मुदतीत सेवा न मिळाल्यास अपिलाचा मार्ग दिला.

सहा गठ्ठ्यांना नवी उभारी मिळाली ती पुणे विभागात. विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी २०१७ मध्ये ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम पाच जिल्ह्यांत राबवली. क्रम ओळखीचा होता: आधी अभिलेख निवडायचे, वर्ग लावायचे, जुने कागद हलवायचे, मग सहा गठ्ठे, मग प्रलंबित प्रकरणांची मोजणी आणि रोजचा निपटारा. यात महसुलाबरोबर जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्याही आल्या, ज्यांच्या दप्तरांकडे लखिना पॅटर्नच्या काळात तितके लक्ष गेले नव्हते. २०१८ मध्ये शासनाने ही पद्धत राज्यातल्या कार्यालयांसाठी स्वीकारली.

संगणक आल्यावर कागदाच्या वाटेचा प्रश्न संपेल अशी अपेक्षा होती. नगरपालिकांच्या नागरी सुविधा केंद्रांत अर्ज एका खिडकीवर घेतला जाऊ लागला आणि नागरिकाच्या खेपा कमी झाल्या हे खरे. पण जिथे जुनी वाट जशीच्या तशी संगणकात उतरवली गेली तिथे आठ टेबलांच्या जागी आठ लॉगिन झाले आणि थांबे नुसते अदृश्य झाले. आधी ढीग दिसायचा, आता तोही दिसत नाही.

वाट आधी तपासून मग संगणक आणला की काय होते याचे चांगले उदाहरण फेरफाराच्या नोंदीत आहे. पूर्वी जमीन विकत घेतलेला शेतकरी दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवून त्याची प्रत घेऊन तलाठ्याला शोधत चावडीवर जाई. तलाठी ती नमुना सहामध्ये, फेरफार नोंदवहीत, लिही. हितसंबंधितांना नोटीस काढून पंधरा दिवस वाट पाही. हरकत आली तर ती तक्रारीच्या नोंदवहीत जाई, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करी आणि मग सातबारावर नाव चढे. यातला पहिला टप्पा, दस्त हातात घेऊन निबंधकापासून चावडीपर्यंतचा, निव्वळ हेलपाटा होता. त्यात कुणाच्याही हक्काचे संरक्षण नव्हते, आणि तलाठी भेटेपर्यंत महिने जात. ई-फेरफार पद्धतीत नोंदणीकृत दस्ताची माहिती निबंधक कार्यालयातून थेट तहसिलीत जाते आणि तिथून तलाठ्यापुढे नोंदीसाठी येते. नोटिशीचे पंधरा दिवस मात्र काढलेले नाहीत. भाऊबंदकीत नाव गाळले गेलेल्या बहिणीला आपली हरकत मांडायला तेवढाच वेळ असतो, आणि तो अजूनही पंधरा दिवसांचाच आहे.